नागपूरहून आणलेलं माहेर

आमच्या वस्तीत एखाद्या बाईनं नवऱ्याचा मार खाल्ला, की लोक आधी एकच गोष्ट विचारतात: माहेरचं कोण आहे? मग कोणीतरी फोन लावतं, दोन दिवसांत भाऊ, काका, मामा जीप भरून येतात, समाजमंदिरात सतरंजी पडते आणि बैठक बसते. इकडचे चार, तिकडचे चार. आरडाओरडा होतो, लग्नातली जुनी उणीदुणी निघतात, शेवटी नवरा मान खाली घालून 'चुकलं' म्हणतो आणि चहा येतो. माझ्या धाकट्या बहिणीची बैठक अशीच झाली होती, राळेगावकडे. आम्ही माहेरचे एवढे गेलो होतो की तिच्या सासऱ्याला शेजाऱ्यांकडून कप मागवावे लागले. त्यानंतर तिच्या नवऱ्यानं हात उचलला नाही. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण बैठकीची मी काही जन्माची वैरीण नाही. पण जिच्या माहेराहून जीप येऊच शकत नाही तिनं काय करायचं, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. पडला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून जे उत्तर काढलं, ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

आमची वस्ती यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीजवळ, राजूरकडची. कोळशाच्या खाणीमुळे इथे माणसं चारी दिशांनी आलेली, त्यामुळे 'बाहेरचा' हा शब्द इथे कोणी कोणाला लावू नये. तरी लावतात. आमचे हे खाणीतून रिटायर झाले, तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की टाकली. त्यांना पिठानं खोकला येतो, म्हणून चक्की मीच चालवते. चक्कीवर बसलं की वस्तीचं सगळं कळतं. नको ते आधी कळतं.

ती पहिल्यांदा आली ती ओले तांदूळ घेऊन. भिजवून निथळलेले तांदूळ, स्टीलच्या डब्यात, वर फडकं. मी म्हटलं, बाई, ओला तांदूळ पाट्याला चिकटतो, मग दिवसभर लोकांच्या गव्हात तांदूळ येतो, मला शिव्या खायच्या नाहीत. ती म्हणाली, "दीदी, सबसे आखिर में पीस दो. साफ मैं कर दूँगी." आणि खरंच, सगळ्यांचं दळण झाल्यावर तिनं पदर खोचला आणि मी सांगेन तसं झाडून-पुसून दिलं. दुसऱ्या दिवशी ताटलीत तळलेली गोल गोल कडी घेऊन आली. त्यांच्याकडे दिवाळीला करतात म्हणे. चवीला आपल्या गुलगुल्यासारखी. आमच्या ह्यांनी तीन खाल्ली आणि खोकत खोकत चौथी मागितली.

ती नेपाळची. नवरा मात्र आमच्याच गल्लीतला. तो पुण्यात हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला होता, ती तिथेच भांड्यांवर होती, तिथेच दोघांनी देवळात लग्न केलं. बाप वारल्यावर तो तिला घेऊन इकडे आला आणि चौकात चायनीजची गाडी लावली. पुढच्या खोलीत त्याची आई, मागच्या दोन खोल्यांत हे दोघं आणि चार वर्षांची मुलगी. सकाळपासून ती मोमोच्या पाऱ्या लाटायची, कोबी चिरायची, चटणी वाटायची. संध्याकाळी तो काळी टोपी घालून गाडीवर उभा राहायचा आणि लोक म्हणायचे, काय हात आहे याचा! तिला वस्तीत सगळे 'नेपाळीण' म्हणत. नेपाळीण आली, नेपाळिणीचं दळण झालं का. तिला नाव होतं, ते ती सांगतही असे, पण कोणी लक्षात ठेवायची तसदी घेतली नाही.

तो मारायचा हे गल्लीला माहीत होतं. भिंती काही जाड नाहीत. आवाज यायला लागला की शेजारी टीव्ही मोठा करायचे, आणि टीव्ही मोठा झाला की आम्हाला चार घरं पलीकडे कळायचं. एकदा ती दळण घेऊन आली ती डाव्या डोळ्याखाली काळंनिळं घेऊन. चक्कीवर तीन बायका बसल्या होत्या, तिघी गव्हाकडे बघत राहिल्या. मी मोटर बंद केली आणि सरळ विचारलं.

बायका गेल्यावर ती एकदम बोलली, तिच्या मोडक्या हिंदीत. "दीदी, वो बोलता है, तेरा यहाँ कोई कागज नहीं. पोलीस के पास गई तो पहले तेरेको अंदर डालेंगे, फिर बॉर्डर पे छोड़ देंगे. बेटी मेरी है, वो यहीं रहेगी." आणि मग, खालच्या आवाजात, "मार की बात नहीं है दीदी. बेटी की बात है."

तर गोष्ट एवढीच होती. मार तिनं बरीच वर्षं गिळला होता. तिला भीती होती ती मुलीची. आवाज केला की आपण सीमेपार आणि पोरगी इथे, असं तिच्या डोक्यात त्यानं पक्कं बसवलं होतं. आणि खरं सांगते, मलाही ते खरंच वाटलं. परदेशी बाई म्हणजे कागद, कागद नाही म्हणजे पोलीस, एवढं शहाणपण टीव्हीनं आपल्याला शिकवलेलं असतंच.

मी आधी तिच्या सासूकडे गेले. म्हातारी तूर पाखडत होती. मी म्हटलं, "मावशी, पोराले समजवा. एखाद्या दिवशी डोळा जाईन तिचा."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं नाही. "तू कायले आली? तू का तिच्या माहेरची हायेस?"

मग मी तिला घेऊन ठाण्यावर गेले. कोणत्या ते लिहीत नाही, कारण मला वाटतं कुठल्याही ठाण्यावर त्या दिवशी हेच झालं असतं. टेबलावरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग म्हणाला, "घरगुती मामला आहे ताई. हिचं आधार आहे का? नाही? मग माहेरच्या कोणाला तरी घेऊन या. दोन्ही बाजू समोर बसवू." बाहेर पडल्यावर ती रिक्षात बसायला तयार होईना. तिला वाटलं, आधार विचारलं म्हणजे आता बॉर्डरची गाडी येणारच.

राहिले वस्तीचे बाबूजी. ते खाणीत हजेरी मांडायचे, पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, वस्तीतल्या प्रत्येक बैठकीत मधोमध बसणारे. त्यांचा शब्द नवरा ऐकेल अशी माझी खात्री होती. बाबूजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अन्याय होऊन राह्यला, मान्य. पण बाई, एका बाजूनं बैठक बसते का? पोराकडून आई हाय, भाऊ हाय, चुलते हाय. हिच्याकडून कोण बोलन? माहेरचा माणूस आण. मी आजच सतरंजी टाकतो."

माझा इतका संताप झाला की मी चहा न घेता उठले. सासू तेच म्हणते, ठाण्यात तेच म्हणतात, बाबूजी तेच म्हणतात. तिची आई तिकडे डोंगरात कुठेतरी, तिला गुडघ्यांनी चालता येत नाही, बाप गेलेला. भाऊ नाहीच. आणि इकडे सगळ्यांना माहेर पाहिजे!

रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही बायका मागे थांबलो. मी सगळं सांगितलं. चहा होईपर्यंत ठरलं: माहेर नाही ना, मग माहेर आणू. आज हे लिहिताना हसू येतं आणि रडूही येतं, पण त्या दिवशी एकीलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. उलट अंगात वारं संचारलं होतं. एकीचा जावई नागपुरात हॉटेलाला भाजी पुरवतो. त्यानं तिथल्या स्वयंपाकघरात विचारलं, आणि खरंच नेपाळातल्या तिच्याच जिल्ह्याचा एक माणूस निघाला. चाळिशीचा, लग्न झालेला, देवभोळा. त्यानं तिला जन्मात पाहिलं नव्हतं. पण फोनवर सगळं ऐकल्यावर म्हणाला, "गावाकडची आहे म्हणजे बहीणच ना. येतो."

तो सकाळच्या बसनं आला. आम्ही त्याला माझ्या घरी बसवलं, जेवू घातलं, आणि काय बोलायचं ते शिकवलं. मी स्वतः शिकवलं. पुन्हा हात लावला तर आम्ही गप्प बसणार नाही, बहीण एकटी नाही, असं ठणकावून सांगायचं. तो मान हलवत होता. दोनदा म्हणूनही दाखवलं, चांगलं जोरात. तिलाही समोर बसवलं होतं. ते दोघं त्यांच्या भाषेत बोलले, आणि ती पहिल्यांदाच इतकी भराभर बोलताना मी ऐकली. मला वाटलं, झालं. काम झालं.

समाजमंदिरात सतरंजी पडली. वरच्या बाजूला बाबूजी, एका अंगाला नवरा, त्याचा भाऊ, चुलते. दुसऱ्या अंगाला तो नागपूरचा माणूस एकटा. आम्ही बायका दाराशी. आणि मग आमच्या लोकांनी तेच केलं जे आमचे लोक माहेरच्या माणसासाठी नेहमी करतात. बाबूजींनी त्याला कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली, नारळ हातात ठेवला. नवऱ्याच्या चुलत्यानं त्याला 'साळेबुवा' म्हणून हाक मारली. तो माणूस फुलून गेला. हॉटेलात दिवसभर कढई घासणाऱ्या माणसाला आयुष्यात कोणी असं बसवलं नसेल. डोक्यावर टोपी, मांडीवर नारळ, आणि मी पाहिलं, आम्ही शिकवलेलं सगळं त्याच्या तोंडावरून पुसलं जाऊन राहिलं होतं.

बोलायची पाळी आली तेव्हा त्यानं हात जोडले. म्हणाला, "हमारी बहन से कुछ गलती हुआ होगा तो माफ कर दो. हम लड़की वाले हैं. दे दिया तो दे दिया. अब ये आपकी है. मारो, रखो, आपके पैर में है."

मी ओरडले, "अरे काय बोलून राह्यला तू!" पण बाबूजींनी हात वर केला, बायकांनी मधे बोलू नये. नवरा उठला, त्यानं त्या माणसाला मिठी मारली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. बाबूजी समाधानानं म्हणाले, "याले म्हणतात खानदानी माणूस." चहा आला.

ती दारापाशी उभी होती, मुलीला कडेवर घेऊन. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला तर तिच्याकडे बघवतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला आधीपेक्षा जास्त मारलं. आता तर तिच्या माहेरानंच परवानगी दिली होती, चारचौघांत, नारळ घेऊन. "तुझा भाऊच बोलला ना," असं म्हणून म्हणून मारलं. फोन काढून घेतला. चक्कीवर येणं बंद केलं, दळण त्याची आई आणायला लागली. मी बाबूजींना सांगायला गेले तर ते म्हणाले, आता दोन्ही बाजूंनी मिटलेलं आहे, पुन्हा पुन्हा उकरून काढू नये. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. आमचे हे मला हाताला धरून घरी घेऊन आले.

त्यानंतरचे दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. चक्कीवर बायका आल्या की मी दळण टाकायची आणि बाजूला बसायची. राग कोणावर काढावा तेच कळत नव्हतं. त्या नागपूरवाल्यावर काढायचा तर तो बिचारा स्वतःच्या खर्चानं आला होता, आणि त्याला जे माहीत होतं तेच त्यानं केलं. मुलीकडच्यांनी हात जोडायचे. त्याच्या गावातही तसंच, आमच्याही. आम्ही माहेर मागितलं, तर माहेर जसं असतं तसंच आलं.

मदत सापडली ती अंगणवाडीच्या भिंतीवर. त्या भिंतीवर महिला हेल्पलाइनचा तीन आकडी नंबर कित्येक वर्षं रंगवलेला आहे. हिंसा सहन करू नका, फोन करा, वगैरे. मी माझ्या नातवाला रोज तिथे सोडते. त्या नंबरावर आम्हीच कधी पोलिओच्या डोसाचा कागद चिकटवतो, कधी हळदी-कुंकवाचा. त्या सकाळी कागद सुटून लोंबत होता आणि त्यामागे नंबर दिसला. तिची मुलगी तिथेच खिचडीच्या रांगेत उभी होती. मी चिडून तो कागद ओढून काढला आणि तिथेच उभी राहून फोन लावला. पहिल्यांदा लागून कट झाला. दुसऱ्यांदा एक मुलगी बोलली. मी म्हटलं, बाई नेपाळची आहे, आधार नाही, माहेर नाही. मला वाटलं ती म्हणणार, मग काही करता येणार नाही. ती म्हणाली, "मार खाते ना? मग पुरे आहे. आत्ता धोका आहे का?"

मला रडूच आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी योग्य प्रश्न विचारला होता.

तिनं सांगितलं की जिल्ह्याच्या ठिकाणी बायकांसाठी सरकारी केंद्र आहे, तिथे डॉक्टर, वकील, काही दिवस राहायची सोय, सगळं एका जागी मिळतं आणि फुकट मिळतं. आता तिला घराबाहेर काढायचं कसं? सोमवारी तो गाडीचं सामान आणायला चंद्रपूरला जातो. मुलीच्या हाती निरोप पाठवता येईना, म्हणून मी तिच्या सासूच्या देखत दळणाचा डबा परत द्यायला गेले आणि मागच्या खोलीत दोन शब्द बोलून आले. सोमवारी सकाळी ती मुलीला घेऊन पिशवीसकट निघाली तेव्हा म्हातारी ओट्यावरच बसलेली होती. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. म्हातारीनं पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोट्टीले स्वेटर घातलं का?" आणि तोंड फिरवून बसली. तिचं मला अजूनही काही उमगलेलं नाही.

वणीहून एसटी धरली. मारेगाव, करंजी करत यवतमाळ. मुलगी खिडकीत बसून प्रत्येक बकरी मोजत होती. आई पूर्ण वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. मी तिला म्हटलं, घाबरू नको. मीच घाबरलेली होते.

केंद्रात एक बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान, चष्म्याच्या. त्यांनी आधी मुलीला बिस्कीट दिलं. डॉक्टरांकडे तपासणी झाली, खुणा लिहून घेतल्या. मग त्यांनी ज्या गोष्टी सांगितल्या त्या ऐकून मला आनंद व्हायच्या आधी राग आला, इतका राग की कान तापले. नेपाळच्या माणसाला इथे राहायला व्हिसा लागतच नाही. तिला कोणी बॉर्डरवर सोडणार नव्हतं. घरातल्या हिंसेचा जो कायदा आहे, त्यात बाई कुठल्या देशाची, हे विचारतच नाहीत. नवऱ्यासोबत एका छताखाली राहत होती, एवढं पुरे. आधार नाही म्हणून तक्रार थांबत नाही. घर कोणाच्याही नावावर असो, तिला तिथून हाकलता येत नाही. मुलीचा ताबाही मागता येतो. त्यासाठी जो संरक्षण अधिकारी असतो, तो आमच्यासाठी वणीतच बसतो.

वणीत! मी चक्कीचा पट्टा आणायला जाते त्या दुकानापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. आम्ही नागपूरहून माहेर आणत होतो.

मग त्या बाईंनी मला गप्प केलं आणि तिच्याकडे वळल्या. "तुला काय पाहिजे?"

ती माझ्याकडे बघायला लागली.

"त्यांच्याकडे नको बघू. तू सांग. गावी जायचं आहे? इथल्या निवारागृहात राहायचं आहे? की दुसरं काही?"

तिनं मुलीच्या तोंडावरचा बिस्किटाचा चुरा पुसला. मग हिंदीत म्हणाली, तिला कुठेच जायचं नाही. मुलगी इथली आहे, इथल्या अंगणवाडीत जाते, इथलंच बोलते. इथून गेलो तर पोरगी या सगळ्यापासून तुटेल. आपल्याला त्याच दोन खोल्यांत राहायचं आहे, मोमो आपल्यालाच येतात, गाडी आपण चालवू. त्यानं फक्त तिथे येऊ नये.

आम्ही सगळ्या तिला सोडवायला निघालो होतो. कोणाच्या मनात तिला माहेरी पाठवायचं होतं, कोणाच्या मनात नागपूरला. आपल्याकडे मार खाणाऱ्या बाईला घरातून काढणं हीच मदत. मारणाऱ्याला काढायचं कोणाला सुचत नाही. त्या बाईंनी मात्र 'हो, मागता येतं' म्हणत लिहायला घेतलं, जणू कोणी पत्ता विचारला होता.

पुढचं काही सिनेमासारखं झालं नाही. कोर्टाचं काही ठरेपर्यंत ती मुलीला घेऊन माझ्याच घरी राहिली. वणीला अधिकारी एकदा भेटले, एकदा मीटिंगला गेलेले, एकदा भेटले पण लाइट नव्हती. त्यांनी घरी येऊन जबाब घेतले, तेव्हा वस्तीत मला 'घरफोडी' म्हणायला लागले. दळण कमी झालं. काही घरांनी दुसरी चक्की धरली. आमच्या विहारातल्या एकीनं मला सांगितलं की बाहेरच्या बाईसाठी आपल्या पोराला कोर्टात ओढणं बरं नाही. मी म्हटलं, तुझ्या लेकीला दिलं असतं त्याला तर? ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही. कोर्टात तारखा पडल्या. सरकारनं दिलेली वकील मुलगी नवीनच होती, बोलताना अडखळायची, पण प्रत्येक तारखेला आली. त्याच्या वकिलानं विचारलं की ही परदेशी बाई, हिचं इथे आहेच कोण?

उन्हाळा लागता लागता हुकूम मिळाला. तात्पुरता, पण मिळाला. ती मागच्या दोन खोल्यांतच राहील, मुलगी तिच्याजवळ, त्यानं त्या दारात पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर पोलिसांनी बघायचं. तो भावाकडे राहायला गेला. ती त्या रात्री झोपली की नाही मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनं पहिलं काम केलं ते वेल्डिंगवाल्याला बोलावून दाराला आतून लोखंडी कडी बसवून घेतली.

आठवडाही झाला नसेल. संध्याकाळ होती, उजेड होता, चक्कीवर गर्दी होती. तो गल्लीत आला. एकटा नाही, बाबूजी, त्याचा चुलता आणि भाऊ. मी चक्की बंद करून धावले, माझ्यामागे पिठाच्या हातांनी दोन बायका. तो दार वाजवून 'उघड, उघड' म्हणत होता. दार उघडलं नाही. पुढच्या ओट्यावर म्हातारी बसून होती, हातात तुरीचं सूप.

मी फोन काढला आणि ठाण्याचा नंबर लावायला लागले. बाबूजींनी मला हातानं थांब म्हटलं आणि दाराशी जाऊन, अगदी प्रेमानं, बैठकीतल्या आवाजात बोलले, "बाई, हा समजून घ्यायले आला हाय. कोर्टकचेरी आपल्यासारख्याचं काम नाई. उद्या बैठक लावतो. तुय्या माणसाले बलाव. नागपूरवाल्याले बलाव. नाई तं कोणालेई बलाव. पण तुयं कोणी तं पाह्यजे ना बोलाले."

फोन लागत होता. यावेळी कोणी टीव्ही मोठा केला नाही.

मग आतून तिचा आवाज आला. तिनं हिंदीत बोलायचं सोडून आमच्या बोलीत बोलावं हे मी पहिल्यांदाच ऐकलं; मुलीकडून शिकली असणार, कारण सूर मुलीचाच होता.

"बाबूजी, कोणाले कायले बलावू? मी हाय ना. मलेच विचारा."